कलकत्त्याचा फुटबॉल-अड्डा

मराठीत 'अड्डा' ह्या शब्दाच्या वाट्यास अब्रू अशी फारशी कधी आलीच नाही. जुगाराचा अड्डा, दारूचा अड्डा, चोरांचा अड्डा हे त्याचे नेहमीचे सोबती. त्यातल्या त्यात टांग्यांचा अड्डा तेवढा सभ्य म्हणावयाचा, आणि टांगे गेल्यापासून तोही आधार सुटला. बंगालीत मात्र हाच शब्द मोठ्या मानाने नांदतो. चारसहा माणसांनी ओट्यावर, चहाच्या दुकानात किंवा एखाद्याच्या बैठकीत जमावे, हाती कोणतेही काम नसावे, आणि विषयास विषय लावीत दोन घटका, चार घटका बोलत बसावे, ह्यास बंगाली मनुष्य अड्डा म्हणतो व तो चुकला तर दिवस फुकट गेला असे मानतो. बुद्धदेव बसूंसारख्या कवीने ह्या एकाच विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. आमच्याकडे पार आहे, ओटा आहे, कट्टा आहे. परंतु तेथून उठून घरी आलेल्या माणसास 'चकाट्या पिटीत होतो' असे ओशाळून सांगावे लागते.

ह्या अड्ड्याचा एक प्रकार गेली शंभराहून अधिक वर्षे फुटबॉलच्या आधाराने चालत आला आहे. कोणत्या वर्षी कोणी कोणास किती गोलांनी हरविले ह्याची बारीकसारीक माहिती, प्रतिपक्षाची टिंगल, आणि मध्येच मासळीचा भाव, ट्रामचे भाडे, भाच्याची नोकरी व सरकारचा कारभार ह्यांवर मते, असे त्याचे त्रिविध स्वरूप. बाहेरच्या मनुष्यास ही निव्वळ तोंडाची वाफ वाटते. आम्हास तसे वाटत नाही. एका मोठ्या शहरातील परस्परांस परकी असणारी माणसे एकमेकांशी कशी बोलू लागली, त्यांचे बोलणे कोठे तुटले आणि प्रसंगी ती एका तोंडाने कशी बोलली, ह्याचा बराचसा इतिहास ह्या वायफळ गोष्टींतच साठलेला आहे. तो क्रमाने पाहू.

प्रथम स्थळ. कलकत्त्याच्या मध्यभागी, हुगळीच्या काठी, फोर्ट विल्यमच्या भोवती जे विस्तीर्ण मोकळे मैदान आहे त्यास बंगाली लोक 'गडेर माठ' म्हणजे गडाचे मैदान म्हणतात. किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यात काही आड येऊ नये म्हणून अठराव्या शतकात इंग्रजांनी ही जागा मोकळी ठेविली. तोफा डागण्याची वेळ आली नाही. मात्र मोकळ्या जागेत खेळ आला. मोहनबागान (१८८९), महमेडन स्पोर्टिंग (१८९१) आणि ईस्ट बंगाल (१९२०) हे तीन थोर क्लब ह्याच मैदानाशी निगडित आहेत. खेळाचा हंगाम पूर्वीपासून पावसाळ्यातला. भर पावसात छत्र्यांखाली तासन्‌तास तिकिटाच्या रांगेत उभे राहावयाचे, तिकीट न मिळाल्यास गडाच्या उतारावर जाऊन माना उंच करून पाहावयाचे, आणि सामना आटोपल्यावर चिखलाच्या पायांनी ट्राम पकडून आपल्या पाड्यात म्हणजे मोहल्ल्यात परतावयाचे, हा त्या काळच्या प्रेक्षकाचा नित्यक्रम होता. सामना तास-सव्वातासाचा, त्याच्या आधीचे व नंतरचे बोलणे मात्र दिवसभराचे. उत्तर कलकत्त्यातील जुन्या घरांस रस्त्याच्या कडेने जो ओटा असतो त्यास 'रोवाक' म्हणतात. मैदानावर सुरू झालेला वाद ह्या रोवाकावर निकालात निघे, किंवा अधिक खरे बोलावयाचे तर, कधीच निकालात निघत नसे.

ह्या अड्ड्यास त्याची आद्यकथा दिली ती १९११ सालाने. त्या वर्षी २९ जुलै रोजी मोहनबागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघास २–१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. सार्जंट जॅक्सनने पहिला गोल केला. पुढे मोहनबागानचे कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल केला. मोहनबागानच्या अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट होते ते एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायांत. बाहेरगावच्या लोकांसाठी खास आगगाड्या सोडाव्या लागल्या, नदीतून जादा आगबोटी आल्या, आणि मागे उभ्या असलेल्यांस खेळ दिसेना म्हणून पतंग उडवून गोलांची संख्या कळविण्यात आली. गोऱ्या शिपायांच्या पलटणीस नेटिवांनी उघड्या मैदानात, त्यांच्याच खेळात, त्यांच्याच नियमांनी हरवावे, ही गोष्ट वंगभंगाच्या चळवळीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या बंगालला काय वाटली असेल हे सांगावयास नको.

आता ह्या सामन्याची जी कथा अड्ड्यात सांगतात ती पाहा. सामना संपल्यावर एका वृद्ध ब्राह्मणाने म्हणे एका खेळाडूस गाठले, गडावर फडकणाऱ्या इंग्रजांच्या निशाणाकडे बोट दाखविले आणि विचारले, हे तर झाले, ते कधी उतरवणार? खेळाडू उत्तरला, पुन्हा शील्ड जिंकू तेव्हा. मोहनबागानने पुन्हा शील्ड जिंकली ती १९४७ साली! असा प्रश्न कोणी केला होता काय आणि असे उत्तर कोणी दिले होते काय, हे सिद्ध करावयास कसलाही कागद लागत नाही. १९११ व १९४७ ह्या दोन तारखाच पुरेशा होतात. पंचांगातील योगायोगास एका प्रश्नोत्तराचे शेपूट लावून अड्ड्याने त्याची भविष्यवाणी केली. तशीच दुसरी थट्टा. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. तेव्हा शील्ड गमावलेल्या साहेबास कलकत्त्यात तोंड दाखवावयास जागा उरली नाही, असा त्याचा अर्थ लावून मोहनबागानचे भक्त आजतागायत हसतात.

अशा दंतकथांस इतिहासकार नाक मुरडतो. पण त्यांची पारख कशी होते हेही पाहण्यासारखे आहे. अड्ड्यात समोर प्रतिपक्ष बसलेला असतो, आणि तो साक्षीदाराची उलटतपासणी घेतल्यावाचून राहत नाही. मोहनबागानच्या माणसाने १९११ ची पोथी उघडली की ईस्ट बंगालचा मनुष्य शांतपणे म्हणतो, त्या अकरांतले बहुतेक कोठले? आमच्या पूर्व बंगालचेच ना! ही पुरवणी खरी आहे. त्या संघातील कित्येकांची घराणी पूर्व बंगालची होती. म्हणजे ज्या विजयावर एका पक्षाचा सारा अभिमान उभा, त्यातील निम्मा वाटा दुसरा पक्ष हक्काने मागतो. अशा भांडणातून एक विलक्षण गोष्ट घडते. दोघांचाही इतिहास एकच होऊन बसतो.

कधी कधी अड्डा सपशेल चुकतोही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २–१ असे हरले. कर्णधार होते मोहनबागानचे नागा खेळाडू डॉ. तालिमेरेन आओ. बूट का घालीत नाही असे विचारले असता, आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही खेळता तो बूटबॉल, असे ते म्हणाल्याचे सांगतात. ही कोटी इतकी लोकप्रिय झाली की १९५० साली विश्वचषकासाठी भारताचा संघ ब्राझीलला गेला नाही तेव्हा, अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून गेला नाही, हीच समजूत घरोघर रुजली. पुढील अभ्यासकांनी ती खोडून काढली. आपल्या संघटनेस त्या स्पर्धेचे महत्त्व वाटले नव्हते, हे खरे कारण अधिक नीरस व अधिक लाजिरवाणे होते. अड्ड्याने त्यातल्या त्यात कमी लाजेची गोष्ट लक्षात ठेविली. मनुष्यस्वभाव तो असा.

ईस्ट बंगाल क्लबाचा जन्मच एका रुसव्यातून झाला. जुलै १९२० मध्ये मोहनबागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबाने शैलेश बसू ह्या आपल्या खेळाडूस वगळले. त्या क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्यास घ्यावे म्हणून आग्रह धरला, तो मानला गेला नाही, आणि ते बाहेर पडले. दोन-चार दिवसांतच, १ ऑगस्टला, नवा क्लब उभा राहिला व त्यास त्यांच्या मायभूमीचे नाव मिळाले. कलकत्त्यात तेव्हाच शिक्षणासाठी, वकिलीसाठी, कारकुनीसाठी आलेल्या पूर्व बंगालच्या लोकांची मोठी वस्ती होती. मूळच्या पश्चिम बंगालच्या लोकांस 'घटी' आणि पूर्वेकडच्यांस 'बांगाल' म्हणत. ह्या दुसऱ्या शब्दात गावंढळपणाची छटा असे. बांगालाचे उच्चार, त्याची तिखटाची आवड, त्याचा तापट स्वभाव हे घटीच्या विनोदाचे भांडवल. तर घटीचा आळस, त्याची कंजुषी व भाजीत साखर घालण्याची खोड हे बांगालाच्या विनोदाचे. आमच्याकडे पुणेकर व नागपूरकर किंवा घाटावरचा व कोकणातला ह्यांच्यात जी शब्दांची देवघेव चालते तिच्याच जातीची ही. पण तिला दर वर्षी तारीखवार निकाल देणारे मैदान मिळाले, एवढा फरक. त्या काळी लीगच्या पहिल्या वर्गात दोनच हिंदी क्लबांस प्रवेश असे; ती अट सुटली व ईस्ट बंगाल वर चढले. २८ मे १९२५ रोजी लीगमध्ये दोघांची पहिली गाठ पडली, आणि नेपाल चक्रवर्तींच्या गोलाने ईस्ट बंगालने ती १–० अशी जिंकली. त्या दिवसापासून घटी-बांगाल वादास घोषणा, रंग आणि आकडे मिळाले.

आणि मासळीही मिळाली. ईस्ट बंगाल जिंकले म्हणजे घरी इलिश म्हणजे हिलसा आणावयाचा, मोहनबागान जिंकले म्हणजे चिंगडी म्हणजे कोळंबी, हा रिवाज सर्वश्रुत आहे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात कोणाचा भाव चढला ह्यावरून खेळ न पाहिलेल्या गृहिणीसही निकाल कळावा! येथेही अड्ड्याचा शास्त्रार्थ आहेच. कोळंबी हा मुळी मासाच नव्हे, ती खेकड्याची बहीण, तेव्हा मोहनबागानचे लोक विजयोत्सवातही खरा मासा खात नाहीत, असे बांगाल म्हणतो. घटी म्हणतो, इलिशात काटे फार. जिंकूनही घशात अडकावयाचे. प्राणिशास्त्र, पाकशास्त्र आणि घरखर्च ही तिन्ही ह्या दोन वाक्यांत आली. फुटबॉलच्या गप्पांत रोजचा संसार कोठून शिरतो, असा कोणास प्रश्न पडत असेल तर त्याचे उत्तर मासळीबाजारात आहे. घरे जुळविताना मुलगा कोणत्या क्लबाचा ही चौकशी अर्धी थट्टेने, अर्धी मनापासून केली जाई. 'मोहनबागानेर मेये', म्हणजे मोहनबागानची मुलगी, अशा नावाचा एक बोलपटच १९७६ साली निघाला.

ह्या हसण्याखिदळण्याची एक काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. १९३४ पासून १९३८ पर्यंत महमेडन स्पोर्टिंगने ओळीने पाच वर्षे लीग जिंकली. लीग जिंकणारा हा पहिलाच हिंदी संघ. ओल्या मैदानावर बूट घालून खेळण्याची त्यांची युक्ती व दूरदूरच्या प्रांतांतून निवडून आणलेले खेळाडू ह्यांचे ते फळ होते. १९११ चा विजय हिंदू व मुसलमान दोघांनीही साजरा केला होता; मग १९३४ चा विजयही दोघांचाच व्हावयास हवा होता. तो तसा झाला नाही. जातवार मतदारसंघांच्या त्या दशकात प्रेक्षकांचेही मतदारसंघ पडले, आणि एका ओट्यावरचे बोलणे दुसऱ्या ओट्यावर पोचेनासे झाले. घटी व बांगाल एकमेकांची टिंगल तोंडावर करीत, म्हणून ती टिंगल राहिली. जी टिंगल पाठीमागे होते तिचे विष बनते. १६ ऑगस्ट १९४६ रोजी ह्याच गडाच्या मैदानात मुस्लीम लीगची प्रचंड सभा भरली, आणि त्या दिवशी सुरू झालेल्या कत्तलीत कलकत्त्याच्या रस्त्यांवर हजारो माणसे मेली. फुटबॉलने ती घडविली असे म्हणणे वेडेपणाचे होईल. परंतु फुटबॉलच्या अड्ड्यास ती थोपविताही आली नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

वर्षभरात फाळणी झाली. ज्या मायभूमीचे नाव क्लबाने घेतले होते ती परदेश झाली, आणि तिच्यातून लाखो माणसे कलकत्त्याकडे लोटली. सियालदा स्टेशनचे फलाट, मग यादवपूर, विजयगड अशा ठिकाणच्या निर्वासितांच्या वसाहती, रेशनची रांग, नोकरीच्या अर्जावर लिहावयाचा पत्ता, अशा त्यांच्या चिंता होत्या. त्यांचे जिल्हे गेले, नद्या गेल्या, घरे गेली. नाव तेवढे एका फुटबॉलच्या क्लबात शिल्लक राहिले. म्हणून ईस्ट बंगालचा सामना हा त्यांना आठवड्यातून एकदा भरणारा आपला गाव झाला. आता येथे एक बारीकशी माहिती सांगावयाची आहे, जी अड्ड्यात कोणीही झोपेतून उठवले तरी सांगेल. ह्या निर्वासितांनी ज्यांना डोक्यावर घेतले ते पाच आघाडीचे खेळाडू 'पंचपांडव' म्हणून प्रसिद्ध आहेत: वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचांतला एकही बंगाली नव्हता, सारे दक्षिणेकडचे. आणि दोघे मुसलमान होते. धर्माच्या नावाने घरातून हाकलले गेलेले लोक चिखलात उभे राहून अहमद खानच्या आणि सालेहच्या नावाने गळा फोडून ओरडत होते! १९४९, १९५० व १९५१ अशी लागोपाठ तीन वर्षे ईस्ट बंगालने शील्ड जिंकली, आणि १९४९ साली मुंबईस येऊन रोव्हर्स चषकही नेला. दहा परिषदांच्या ठरावांनी जे साधले नसते ते ह्या पाच नावांच्या पाठांतराने काही अंशी साधले, असे आम्हास वाटते. पुढाऱ्यांच्या इतिहासात ही गोष्ट सापडत नाही, कारण ती केवळ 'माहिती' आहे.

ह्याच काळात घटीचा ओटा व बांगालाची वसाहत एकमेकांस भिडली. १९५३ साली इंग्रजी मालकीच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविले, तेव्हा सारे शहर पेटून उठले व ती वाढ मागे घ्यावी लागली. मैदानाकडे जाणारा प्रेक्षक ह्याच दुसऱ्या वर्गाचा उतारू होता. घटी असो वा बांगाल, तो पैसा दोघांच्याही खिशातून जात होता. नारायण गंगोपाध्याय यांच्या टेनिदाच्या गोष्टी बंगाली मुलांच्या तोंडपाठ असतात. त्यांतील चार पोरे चाटुज्जेंच्या रोवाकावर बसून फुशारक्या मारतात, आणि त्यांतला एक, हाबुल सेन, अस्सल ढाक्याच्या बोलीत बोलतो. त्याच्या बोलीस बाकीचे हसतात, परंतु त्यास ओट्यावरून उठा असे कोणी म्हणत नाही. निर्वासितास शहराने आपले म्हणणे म्हणजे दुसरे काय?

पुढील दोन दशकांत ही चुरस शिगेस पोचली. ईस्ट बंगालने १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे लीग जिंकली, आणि ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात मोहनबागानचा ५–० असा फडशा पाडला. पाचाचा आकडा तेव्हापासून कलकत्त्यात अपशब्दासारखा वापरला जातो. हाताचा पंजा नुसता वर केला तरी भांडण लागते. मोहनबागानचा भक्त उत्तर शोधण्यात कमी पडत नाही. १९७७ साली ईडन गार्डन्सवर पेले ज्यात होता त्या कॉसमॉस संघाशी आम्ही २–२ अशी बरोबरी केली, असे तो सांगतो. आणि २००९ साली आपणही पाच गोल चढविले, त्यांत चिडी एडेचे चार, हे सांगावयास विसरत नाही. त्या दिवशी तीन गोल खाल्लेही होते, ह्याची आठवण करून देणे हे प्रतिपक्षाचे काम.

परंतु टिंगलीची मर्यादा कोठे संपते हे १६ ऑगस्ट १९८० ने दाखविले. ईडन गार्डन्सवर ह्याच दोन संघांचा लीगचा सामना चालू असता मैदानात दोन खेळाडूंत झटापट झाली, त्याचे पडसाद प्रेक्षकांत उमटले, मारामारी व पळापळ झाली आणि १६ माणसे मेली. कोणी घरून मुलाची वाट पाहत होते, कोणी भावाची. मेलेल्यांत दोन्ही पक्षांचे होते. त्यानंतर दर वर्षी ह्या तारखेस कलकत्त्यात रक्तदानाची शिबिरे भरतात, आणि तेथे येणाऱ्यास तो कोणत्या क्लबाचा असे विचारीत नाहीत. घडलेल्या अपराधाची ह्याहून समर्पक परतफेड सुचणे कठीण होते. अड्ड्यात ह्या दिवसावर विनोद करीत नाहीत. सगळ्यांवर हसणाऱ्या समाजाने कशावर हसावयाचे नाही हे आपले आपण ठरविले, ही त्याच्या सभ्यतेची खूण आम्ही समजतो.

विनोद मात्र थांबला नाही. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यासाठी सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर सुमारे १,३१,००० प्रेक्षक जमले होते. मोहनबागानचे शिक्षक अमल दत्त यांनी सामन्यापूर्वी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावे मोडून, ओमोलोचे ऑम्लेट आणि सोसोची काकडी करून टाकली. बंगालीत काकडीस 'शोशा' म्हणतात. दुसऱ्या बाजूचे शिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांनी शब्दाने उत्तर दिले नाही. ते भायचुंग भुतियाच्या तीन गोलांनी दिले, आणि ईस्ट बंगाल ४–१ असे जिंकले. त्या रात्री शहरात काकडीस किती भाव आला असेल ते वाचकांनीच ताडावे.

येथवरच्या हकिकतीवर कोणी म्हणेल की मासळी, काकडी व पंचपांडव ह्यांनी शहराचे काय भले झाले? हा वेळ वाचनालयात किंवा कामधंद्यात गेला असता तर? आक्षेप जुना आहे व तो बंगाल्यांनी स्वतःवरच पुष्कळदा घेतला आहे. त्यात आणखी एक भर आम्ही घालतो. हा अड्डा बहुतांशी पुरुषांचा होता; ओट्यावर बसणाऱ्यांच्या चहाची किटली घरातून कोण भरून पाठवी, हे अड्ड्याच्या गुणगानात येत नाही. हे दोन्ही दोष मान्य करूनही अलीकडच्या दोन घटनांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पहिली १९ जानेवारी २०२० ची. नागरिकत्वाच्या नव्या कायद्यावरून देशभर वाद चालू होता आणि बापजाद्यांचे कागद दाखवावे लागतील ही धास्ती निर्वासितांच्या घरांत शिरली होती. त्या दिवशीच्या मोहनबागानविरुद्धच्या सामन्यात ईस्ट बंगालच्या गॅलरीत एक भलामोठा फलक उलगडला गेला: ही भूमी रक्त देऊन मिळविली आहे, कागद देऊन नव्हे, अशा अर्थाचा. त्या कायद्याविषयी वाचकांचे मत काहीही असो. सत्तर वर्षांपूर्वी सियालदाच्या फलाटावर उतरलेल्यांच्या नातवंडांस आपण कोण हे सांगावयास फुटबॉलच्या मैदानाहून योग्य जागा सापडली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरी घटना ऑगस्ट २०२४ ची. ९ तारखेस कलकत्त्यातील आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. शहर रस्त्यावर आले. १४ तारखेच्या रात्री स्त्रियांनी हजारोंच्या संख्येने बाहेर पडून रात्रीवर आपला हक्क सांगितला. १८ तारखेस ड्यूरँड चषकात मोहनबागान व ईस्ट बंगाल ह्यांचा सामना होता. पुरेसा बंदोबस्त देता येत नाही ह्या कारणावरून तो आदल्या दिवशी रद्द करण्यात आला. सामना रद्द झाल्यावर प्रेक्षकांनी घरी बसावे, हा व्यवहार. तसे झाले नाही. हिरवा-तांबडा, लाल-पिवळा व काळा-पांढरा असे तिन्ही क्लबांचे पोषाख घातलेले लोक, त्यांत स्त्रियाही, स्टेडियमबाहेर जमले आणि न्याय मागू लागले. मोहनबागानच्या माणसाने ईस्ट बंगालच्या माणसास खांद्यावर घेतले. जी यमके जुळविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांस चिडविण्यात मुरली होती, तीच आता दोन्ही गॅलऱ्यांचा आवाज एक आहे हे सांगण्यास उपयोगी पडली. पोलिसांनी लाठ्या चालविल्या, काहींस पकडून नेले. तरी लोक लवकर हटले नाहीत.

एका दिवसात ही एकी कोठून आली? आमच्या मते ती एका दिवसाची नव्हती. ज्याच्याशी आपण वर्षानुवर्षे मासळीवरून, पाचाच्या आकड्यावरून, १९११ च्या अकरांवरून भांडत आलो, त्याचा आवाज आपल्यास ओळखीचा असतो. तो कोठे थट्टा करतो व कोठे मनापासून बोलतो हे आपल्यास कळते. अशा ओळखीवाचून भरलेली सभा पाऊस आला की पांगते. १९३० नंतरच्या दशकात ही ओळख तुटली आणि तिची किंमत शहराने मोजली. २०२४ मध्ये महमेडन स्पोर्टिंगचा काळा-पांढरा पोषाखही त्या घोळक्यात होता, ह्याचे महत्त्व म्हणूनच आम्हास सर्वांत अधिक वाटते. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल अशा पेठापेठांच्या नावांनी फुटबॉलचे संघ उभे राहिले आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या अनुयायांची जुगलबंदी चालते. तिच्यातील शिवीगाळ पाहून जे कपाळास आठ्या घालतात, त्यांनी तिच्यातील ओळखही पाहावी.

पुढे १९ ऑक्टोबर २०२४ रोजी तेच दोन संघ सॉल्ट लेकवर समोरासमोर आले. मोहनबागान २–० असे जिंकले. ऑगस्टात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्यांचे पुन्हा दोन तट पडले, आणि कोळंबी हा मासा आहे की नाही ह्यावर नव्याने खल सुरू झाला. तो खल असाच चालू राहावा. ज्या दिवशी तो संपेल त्या दिवशी दोन्ही बाजूंस एकमेकांशी बोलावयास काही उरले नाही असे समजावे.